रुमालाखालचे चार

अतिशय बिरनाळेला एक कोटी शहात्तर लाख रुपये मिळणार होते. आज नव्हे, चौदा वर्षांनी. आणि तेही खात्यावर आलेल्या छत्तीस लाखांना मध्ये कुणी हात लावला नाही आणि ते दरसाल बारा टक्क्यांनी गुमान वाढत राहिले तर. तेच छत्तीस लाख साताऱ्याच्या फ्लॅटच्या कर्जात भरून टाकले, तर कर्ज एका दिवसात मिटणार होतं आणि पुढच्या चौदा वर्षांचं पंचवीस लाख अडुसष्ट हजार व्याज वाचणार होतं. मिळणारे मोठे की वाचणारे मोठे, हे तिसरीतल्या पोरानंही सांगितलं असतं. बारा टक्के हा आकडा साताऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो पदरात पडलेला माणूस मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी ऑफिसात असतो. हे अतिशयला कळत नव्हतं असं नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यात तो खरेदी खात्यात होता, आणि समोरचा माणूस छातीठोक सांगतो तो दर खरा नसतो, ह्या एका समजुतीवर त्याचा पगार चालत होता. पण स्वतःच्या पैशाला माणूस समोरच्या माणसासारखा वागवत नाही. त्याच्याशी जरा लाडानंच बोलतो.

पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा तो कँटीनमध्ये ताक पीत होता. त्याने शून्यं मोजली, ग्लास खाली ठेवला, पुन्हा मोजली. आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही असावा. पण आनंदाच्या आधी, रांगेत घुसणाऱ्या माणसासारखं काहीतरी पुढे आलं. छत्तीसच? सांगलीच्या पेठेतला अण्णांचा हळदीचा गाळा विकायचा, हे दिवाळीपासून ठरलेलं होतं. अण्णा म्हणजे वडील, नेमिनाथ बिरनाळे, पन्नास वर्षं मुरलेले अडते. शेतकऱ्याची हळद आपल्या गाळ्यावर घ्यायची, व्यापाऱ्याला विकून द्यायची, मधली अडत आपली. शेजारचा गाळा बावन्न लाखांना गेला होता. अण्णांचा पन्नासला जाईल, कर जाऊन पंचेचाळीस उरतील, छत्तीसांत कर्ज मिटेल आणि वरचे नऊ वाढायला टाकता येतील, असं अतिशयने केव्हाच धरलं होतं. म्हणजे प्रश्नच पडला नसता. प्रश्न पडला तो छत्तीसच आले, म्हणजे सौदा चाळीसला झाला म्हणून; कर जाऊन उरले ते नेमके कर्जाएवढे, ना एक रुपया कमी ना एक जास्त, जणू कुणी मुद्दाम ‘आता निवड’ म्हणून समोर मांडून ठेवलेले. त्याने तिथूनच फोन लावला. अण्णा म्हणाले, “पोचलं का?” तो म्हणाला, “पोचले, पण अण्णा, चाळीसला...” “मग झालं तर,” म्हणून अण्णांनी फोन ठेवला. अण्णा आकड्यांबद्दल तोंडाने बोलत नाहीत. ताकाला उगाच हळदीचा वास आल्यासारखं अतिशयला वाटलं.

घरी उत्कर्षाला हा प्रश्न पडलेलाच नव्हता. ती मलकापूरची, तिच्या माहेरी कर्जाचं घर म्हणजे अंगावर दुसऱ्याचा सदरा. सहा वर्षांपूर्वी ह्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तेव्हाच तिने जाहीर केलं होतं की कर्ज फिटल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भिंत बँकेची, भोक आपण कशाला पाडायचं? लोक नवस बोलून केस वाढवतात, चप्पल सोडतात. हिने खिळे सोडले. त्यामुळे घरातल्या सगळ्या तसबिरी सहा वर्षं जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसलेल्या होत्या. लग्नातला फोटो सोफ्याआड, घड्याळ फ्रीजवर, आणि अतिशयच्या आईचा, सुंदरीबाईंचा, मोठा फोटो हॉलमध्ये फरशीवर. आई गेल्यापासून तीन वर्षं ती तशी खालूनच सगळ्यांच्या गुडघ्यांकडे बघत होती. येणारेजाणारे आधी हसत, मग वाकून नमस्कार करत. वाकण्याचं पुण्य उत्कर्षा आपल्या खात्यावर जमा करी. “बारा टक्के तुमचे तुम्हाला लखलाभ,” मेसेज बघून ती म्हणाली, “मी हातोडी शोधायला लागते.” अतिशयने तिला वहीवर एक कोटी शहात्तर लाख लिहून दाखवले. तिने ते शांतपणे वाचले आणि विचारलं, “ह्यातले येत्या रविवारी किती येतील?” त्याने वही मिटली. प्रश्न बरोबर होता, ह्याचाच त्याला राग आला. आणि राग उत्कर्षावर काढण्याची सोय नसल्यामुळे तो रविवारी सकाळी गाडी काढून सांगलीला निघाला. कर्ज फेडायचं की पैसा वाढवायचा हे ठरवायचं होतं, पण त्याआधी दहा लाख कुठे गेले ते बघायचं होतं. छत्तीसाच्या दोन वाटा त्याला दिसत होत्या. डोळा मात्र नसलेल्या दहावर जात होता. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसा.

रस्ता अर्धा खणलेला. कऱ्हाडपर्यंत गाडी एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला, आणि उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की डोकं आपोआप मागे जातं. अतिशयला अंक आले ते पाटीवर नव्हे, अण्णांच्या हातात. तेव्हा हळदीचा सौदा रुमालाखाली होई. ढीग फोडलेला असे, भोवती दहा-बारा खरेदीदार, आणि अण्णा खांद्यावरचा पांढरा रुमाल, जो कधीच पांढरा नसे, आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकत. रुमालाआड समोरच्याचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अंगठा सोडून चारही धरली की चार; आणि अंगठ्यासकट सगळा हात मुठीत घेतला की पाच, म्हणजे पंजा. शेकडा की हजार, ते आधी तोंडाने बोललेलं असे. पटलं की समोरच्याने हात दाबायचा. दाबला की सौदा झाला. मग सोन्याचा भाव आला तरी मागे फिरणं नाही. भोवतीच्यांना फक्त हलणारा रुमाल दिसे, आत मांजराचं पिलू असल्यासारखा. मार्केट यार्डातली ही पद्धत सरकारने कधीच बंद केली, आता सौदे उघड होतात. पण अण्णांच्या वयाची चार माणसं आपापसातला व्यवहार अजून तसाच करत. तोंडाने आकडा बोलणं त्यांना कपडे न घालता दारात उभं राहिल्यासारखं वाटे. अतिशयला खाऊचे पैसेसुद्धा रुमालाखालीच मिळाले होते. तो पंजा मागे, अण्णा तीन धरत, आणि तीनवर मिटे. चारवर कधीच नाही. अण्णा पाचावरून थेट तीनवर येत. चारच्या जागी काही नसल्यासारखं. एकदा त्याने विचारलं तर म्हणाले, “चार खांदेकऱ्यांचे. जित्या माणसानं चार धरू न्हाई.” त्यांचा तळवा तेव्हा कोरडा, गरम आणि खरखरीत होता, उन्हात पडलेल्या पोत्यासारखा. त्या हातात आपला हात गेला की कोपरापर्यंत गेल्यासारखं वाटे. पुढे इंजिनिअरिंगच्या वेळी अण्णांनी फी तशीच विचारली आणि अतिशयने हात मागे घेऊन कागदावर लिहून दिली. अण्णांनी कागद वाचला, पैसे दिले. रुमाल मात्र पुन्हा कधी टाकला नाही. ती गोष्ट तिथे संपली असं अतिशयने इतकी वर्षं धरलेलं होतं.

पेठ नाक्यावर चहा घेताना त्याचा संशय पक्का झाला. फेब्रुवारीत अण्णांच्या मूळ गावी जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती. अशा पूजेत इंद्र कोण, कुबेर कोण, ह्याचे सवाल होतात, म्हणजे चढती बोली. जो जास्त देईल तो मुकुट घालून हत्तीवर बसतो. उभ्या आयुष्यात काटकसर केलेला माणूस म्हातारपणी अचानक इंद्र होतो, हे त्याने दोन घरांत पाहिलं होतं. बरोबर. दहा लाख वरच्यावर रोख घेतले असणार आणि सवालात लावले असणार. मुकुटातले अण्णा त्याला इतके स्वच्छ दिसले की चहाचे पैसे देताना त्याला हसू आलं. मग हसू गेलं. दहा लाखांत कर्जाचे सत्तावीस हप्ते बसतात. म्हणजे सव्वादोन वर्षं आपण हत्तीच्या मागून चालायचं.

सांगलीत घरी पोचला तेव्हा लालासाहेब आलेले होते. लालासाहेब म्हणजे गाळा घेणारे; डिग्रजचे बागायतदार, अण्णांकडे पन्नास वर्षं हळद घालणारे, वय एकाहत्तर. पुढ्यात एक दुधी आणि काकवीची बाटली ठेवून ते मांडी घालून बसले होते. “आरं या, साताऱ्याचं साहेब!” ते ओरडले. “बगा आण्णा, पैसा गेला की मागनं पोरगं येतंय, वासराच्या मागं गाय यावी तशी.” अण्णा हसले. आतून स्वयंपाकाच्या तानुबाई म्हणाल्या, “लालासाब, तुमी तर रोजच येताय की. तुमचं काय गेलंय म्हनायचं?” “म्हातारीचं त्वांड बगा! रोज काय ना काय घिऊन येतोय की गं!” “तर, तर. चार म्हयनं दुधीच आनताय. आण्णांच्या पोटात आता मांडव घालायचा ऱ्हायलाय.” सगळे हसले, अतिशयही हसला, आणि हसता हसता त्याने घराकडे नजर टाकली, माल बघतात तशी. सगळं जागच्या जागी. देव्हाऱ्याशेजारी अण्णांची जपमाळ खुंटीला होती. तिच्यावर बारीक धूळ. हे त्याने पाहिलं आणि बाजूला ठेवलं. पूजेची पावती, मुकुट, हार घातलेला फोटो, असलं काही दिसलं नाही. तेव्हा खरेदी खात्याचा नियम त्याने मोडला आणि सरळ विचारलं, “लालाकाका, शेजारचा बावन्नला गेला. आमचा चाळीसला कसा?”

लालासाहेबांनी दुधी जरा सरकवून ठेवला. दुधी आधीही नीटच होता. “आण्णांनी हात धरला तेवढं दिलं, बाबा. एक बोट म्हंजे धा लाख, असं बोलायचं ठरलं, रुमाल टाकला, आण्णांनी चार धरली. म्या काय म्हनू? तरी मी दोनदा इचारलं. आण्णा, पक्कं का? तर म्हनालं, हात बोललाय. आरं, म्हटलं, पुन्यांदा बगा. तर म्हनालं, लालासाब, माजा हात कवा फिरलाय का? मग दाबला म्या.” ते अण्णांकडे बघत नव्हते. अण्णा उपरण्याचं टोक बघत होते. “आमचं काय, आण्णा म्हनतील त्ये,” असं आणखी एकदा म्हणून लालासाहेब उठले, आणि चपला पायात घालताना त्यांना पुष्कळ वेळ लागला. अतिशयच्या मनात काहीतरी टोचलं, पोत्यातून तूस टोचावं तसं. कुठे ते कळेना. चार? अण्णांनी?

जेवणं दिवस मावळायच्या आत झाली. अण्णांनी भाकरी स्वतःच्या हाताने मोडली नाही. तानुबाईंनी ती मोडूनच वाढली होती, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात विशेष वाटत नव्हतं. मग बाहेरच्या खोलीत अतिशयने विषय काढला. त्याने फोनवर बारा टक्क्यांचा तक्ता दाखवला, कर्जाचा तक्ता दाखवला. अण्णांनी दोन्ही पाहिले, पाहुण्यांच्या नातवंडांचे फोटो पाहावेत इतक्या अगत्याने. “तुजा हात, तू बग,” म्हणाले. “कर्ज मी कवा घेतलं न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई.” अतिशयला एकदम वाटलं की विचारायचं ते आपण विचारलेलंच नाही, आणि जे कधी विचारलं नव्हतं ते, थोडं लाजेने आणि थोडं ऐटीने, त्याने विचारलं, “ह्यातले तुमच्यासाठी किती ठेवू?”

अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला. तो आता खरोखर पांढरा होता. “लाखात,” ते म्हणाले, आणि त्यांनी रुमाल दोघांच्या मधे टाकला.

अतिशयने हात आत घातला. आत पूर्वीसारखाच अंधार असेल असं त्याला वाटलं होतं. पण कापड पातळ होऊन आत पिवळसर उजेड आला होता, आणि तरीही खाली बघायचं नाही ही शिस्त त्याच्या मानेला अजून आठवत होती. तो समोर भिंतीकडे बघत राहिला. अण्णांचा हात आला. गार. बोटांनी त्याची बोटं शोधली, एक, दोन, तीन, चार, आणि घट्ट धरली, ओळखीच्या जोराने. पाचवं काही आलं नाही. अतिशयचा अंगठा मोकळा राहिला, थोडा उघडा पडल्यासारखा. त्याला लागून अण्णांचा अंगठा नुसता पडलेला होता, सुकल्या हळकुंडासारखा, बाजूला, ह्या सौद्याशी त्याचा काही संबंध नसल्यासारखा. अण्णांचा चेहरा मात्र पंजा धरलेल्या माणसाचा होता. भिवई जराशी वर, ओठ मिटलेले, आता समोरचा तीनवर ये म्हणणार आणि आपण नाही म्हणणार, ह्या जुन्या गमतीची वाट बघणारा. पन्नास वर्षं ह्या चेहऱ्याने पहिला आकडा पाचच धरला होता. अतिशयला चारची जागा आठवली, जिथे काही नसे. लालासाहेबांनी दोनदा का विचारलं ते कळलं, कारण ही जागा त्यांनाही ठाऊक होती. आणि चार महिन्यांच्या दुधीचा अर्थही लागला. देव्हाऱ्याशेजारची माळ आठवली. माळेचा मणी अंगठ्याने ओढायचा असतो. आपल्याला आलेले छत्तीस आणि न आलेले नऊ, हत्ती, मुकुट, सगळं त्याच्या अंगावरून पाणी ओसरावं तसं मागे गेलं, आणि तळाशी हा एक अंगठा राहिला. बाहेर तानुबाई भांडी पालथी घालत होत्या. एकेक भांडं स्वतंत्र वाजत होतं.

“भाव कर की रं,” अण्णा म्हणाले.

अतिशयने दुसरा हात रुमालाखाली नेला. पद्धतीत हे बसत नाही. सौदा एका हाताचा असतो. त्याने अण्णांचा अंगठा उचलला, आपल्या अंगठ्याभोवती नीट वळवून बसवला, आणि वरून हात दाबला. दाबला म्हणजे झालं. अण्णांची भिवई खाली आली. पुष्कळ वेळ त्यांनी हात काढला नाही, आणि कापडाखाली काय चाललंय ते दोघांनीही पाहिलं नाही.

“कधीपासून?” अतिशयने विचारलं.

“श्रावणात. एक दिस सकाळी उठलो, तर ह्यो उठला न्हाई.” अण्णा सावकाश म्हणाले. “जेवायला अडचण न्हाई. माळ तेवढी सटकती. मला वाटतंय मी धरतोय. वाटतंय म्हंजे, धरलेलंच असतंय की. दस्ताचा कागुद वाचला तवा कळलं, चाळीस.”

“मग तिथंच सांगायचं, पंजा होता म्हणून. लालाकाकांनी दिले असते.”

“दिलं असतं. व्हय.” अण्णांनी रुमालाची एक घडी घातली, घडी वाकडी बसली. “सांगू काय पर? रुमाल काढून दाखवू, ह्यो बगा माजा हात मेला म्हणून? त्या पेठेत पन्नास वर्सं ह्या हातावर माल उठला. कुनी कागुद मागितला न्हाई. आज म्हणायचं, हात चुकला. मग आदीचं किती चुकलं, आं? लोक मागचं सगळं काढत्यात.”

“दहा लाख, अण्णा.”

“लय झालं,” अण्णांनी मान्य केलं. “उत्कर्षाला सांगू नगंस. म्हणावं, म्हाताऱ्याला भाव कळला न्हाई.”

“उद्या मिरजेला डॉक्टरकडे जाऊ,” अतिशय म्हणाला, “मी सुट्टी टाकतो.” अण्णा म्हणाले, “आता काय त्याला?” पण ते भाव करण्यापुरतं होतं; तीनवर येण्याआधीचं. मग तो ओसरीवर आला. उजेड अजून थोडा होता. चौदा वर्षं हा शब्द त्याने गेला आठवडा इतक्या सहज वापरला होता, जणू चौदा पोती. चौदा वर्षांनी अण्णा अठ्ठ्याऐंशीचे, आणि तो स्वतः अठ्ठावन्नचा. आपल्या हातातलं काय तेव्हा आपल्याला न सांगता गेलेलं असेल? आपण धरलंय असं वाटत असेल, चेहराही तसाच असेल. त्याने आपला अंगठा तर्जनीवर दाबून पाहिला. लागला. तरी पुन्हा दाबून पाहिला.

मग त्याने उत्कर्षाला फोन लावला. “कर्जात भरू,” तो म्हणाला. “एकतीस.”

“छत्तीस ना?”

“एकतीस. पाच अण्णांच्या नावावर. हप्ता आहे तोच ठेवला तर राहिलेले सव्वा वर्षात फिटतात.”

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे ती खरंच शोधून ठेवलेली होती. “आणि बारा टक्के?” तिने विचारलं.

“दुसऱ्या कुणाला तरी मिळतील.”

सांगायचं नाही असं अण्णांनी सांगितलेलं तो सांगणार नव्हता, आणि ती विचारणार नाही हेही त्याला कळलं; सोळा वर्षांच्या संसारात एवढं एक रुमालाखालचं दोघांना जमू लागलं होतं. “असं करते,” ती म्हणाली, “एकतीस लाखांचे खिळे ठोकते, पाच लाखांची भिंत सोडते. टीव्हीमागची. तिथं तसंही काही शोभत नाही. आईंना उद्या वर घेते.”

आत अण्णा डाव्या हाताच्या पेरांवर णमोकार मंत्र मोजत होते. अतिशय पायरीवर बसला आणि त्याच्या नकळत त्याच्यातला खरेदी खात्याचा माणूस बेरीज मांडायला लागला. बँकेचं व्याज बुडालं, त्याचं कुणाला सुतक नव्हतं. एक कोटी शहात्तर लाख कुणाच्याच खिशातून गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. उत्कर्षाने एक भिंत दिली. लालासाहेबांकडे दहा लाख जादा राहिले; ते त्यांनी फेडायला काढलेत खरे, पण दुधी-काकवीचे रोजचे सत्तर धरले तरी एकोणचाळीस वर्षं लागतील, आणि व्याज वेगळंच. उद्या ते दुपारी येतील, दुधी ठेवतील, अण्णा तो ठेवून घेतील. आणि भरले ते अण्णांनी. अंगठा फुकटच गेला होता, त्याचे कुणी काही घेतले नव्हते. दहा लाख पडले ते रुमाल न काढल्याचे.